फेस दिसला की लाट फुटली, एवढंच? एका प्रतिक्रियेला उत्तर

खोल समुद्रात फुटणाऱ्या लाटा कशा टिपतात, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘फेस दिसला की लाट फुटली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यासाठी हायड्रोफोन, रडार, इन्फ्रारेड कॅमेरे हा पसारा कशाला? लेख लांबलचक, फोटो एकही नाही.’

फोटोंची मागणी रास्त आहे, टाकतो. पण शेंबडं पोर मध्ये आणायची काय गरज होती? मतभेद साध्या शब्दांत मांडता येतात. मी उमेदीची वर्षं व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून काढली आहेत. पावसाळ्यातला अरबी समुद्र ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून पाहिला आहे, आणि फेस किती आहे ते बघून ब्यूफोर्टचा, म्हणजे वाऱ्याच्या जोराचा आकडा लॉगबुकात लिहिला आहे. फेसाचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको.

आता तुमचं ते वाक्य. लाटेचा माथा फुटतो आणि पुढे निघून जातो. फेस मात्र मागे पाण्यावर रेंगाळत राहतो. वरून काढलेल्या चित्रात ताजा फेस आणि विरत चाललेला फेस दोन्ही पांढरेच दिसतात. सगळं पांढरं मोजलंत, तर आत्ता फुटणाऱ्या लाटांबरोबर मघाशी फुटून गेलेल्याही मोजल्या जातात. १९८० सालच्या एका प्रसिद्ध सूत्रात फेसाचं क्षेत्र वाऱ्याच्या वेगाच्या ३.४१ व्या घाताने वाढतं, म्हणजे वारा दुप्पट तर फेस दहापटीहून जास्त. तरीही सारख्याच वाऱ्यात प्रत्यक्ष मोजलेले आकडे एकमेकांपासून कितीतरी दूर पडतात, त्याचं एक कारण हेच.

आणि फेस न येताही लाट फुटते! लहान लाटा हवा आत न ओढताच फुटतात. समुद्राच्या अगदी वर मिलिमीटरहूनही पातळ, किंचित थंड थर असतो. अशी लाट तो विस्कटते, खालचं जरा उबदार पाणी वर येतं, आणि उष्णता टिपणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला नेमकं तेच दिसतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही. लाटांकडून समुद्राला किती ऊर्जा मिळते, हवा आणि पाण्यात वायूंची देवाणघेवाण किती होते, या हिशोबात या लाटा धराव्याच लागतात. त्या सोडून द्यायच्या का?

अंधाऱ्या रात्री तर मोठ्या लाटेचा फेसही धड दिसत नाही. पण तयार होताना बुडबुडे आवाज करतात, तो हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन ऐकतो. याला तुम्ही पसारा म्हणता!

लांबीबद्दल बोलण्यासारखं काही नाही. मुद्दा घेऊन आलात तर पुन्हा सविस्तर उत्तर देईन. असल्या भाषेत आलात तर प्रतिक्रिया काढून टाकेन.