अबोलीचे वजन आणि आमचा एसी

लग्नाला बारा वर्षे झाली तरी फोंड्यातील आमच्या घरात एसी नव्हता. विजेचे बिल, मागच्या कुळागरातून येणारा वारा आणि घामाने होणारी शरीरशुद्धी ही तीन कारणे मी पत्नीला दर उन्हाळ्यात ऐकवत असे. गेल्या ऑक्टोबरात मात्र मी मागच्या खोलीसाठी एसी आणला, आणि तो दोन सापांकरिता आहे हे तिला तो बसवायला आलेल्या माणसाकडून कळले.

साप म्हणजे बॉल पायथन : पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाबरला की डोके पोटाशी घेऊन चेंडू होणारा बिनविषारी अजगर. मादीचे नाव अबोली, नराचे शंभू. परदेशी प्राणी पाळण्याच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर दोघांची रीतसर नोंद केलेली असल्यामुळे कागदपत्रांच्या बाबतीत घरात त्यांच्याइतके व्यवस्थित दुसरे कोणी नाही.

पहिल्या विणीच्या हंगामासाठी मादी साधारण १,५०० ग्रॅमची असावी, नर ७०० ग्रॅमचा असला तरी भागते. जुलैत अबोली १,३२० भरली. "मुलीचं वजन वाढल्याशिवाय लग्न नाही, असं स्थळ मी पहिल्यांदाच बघते," आई म्हणाली. तेव्हापासून अबोलीचा खुराक वाढवला. पण नेमका श्रावण लागला, घरात मासळी बंद झाली, आणि जिथे एरवी बांगडे असतात त्या फ्रीजरमध्ये अबोलीचे गोठवलेले उंदीर, अर्थात घट्ट झाकणाच्या स्वतंत्र डब्यात, तेवढे उरले. नागपंचमीला मातीच्या नागाला दूध आणि लाह्या वाहून आई उठली, तेव्हा मी नेमका एक उंदीर कोमट पाण्यात वितळवत होतो. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही.

खरी परीक्षा पुढे होती. या जातीला मीलनाची इच्छा व्हावी म्हणून रात्रीचे तापमान काही आठवडे चोवीस अंशांच्या आसपास उतरवतात, मात्र ऊब घ्यायला पेटीचा एक कोपरा एकतीस-बत्तीस अंशांवर ठेवावा लागतो. थंड देशांतील पाळणारे त्यासाठी हीटर थोडा कमी करतात आणि झोपी जातात. गोव्यात नोव्हेंबरच्या दुपारी पारा तेहतिसावर असतो आणि रात्रीही त्या खोलीतली उष्णता हलत नाही, म्हणून एसी. एसीने हवा कोरडी होते आणि कोरड्या हवेत सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते. त्यामुळे ज्या प्रदेशात पावसाळ्यात चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तिथे मी रोज सकाळी नारळाच्या सोडणाच्या चुऱ्यावर पाणी शिंपडून आर्द्रता वाढवू लागलो. फार गारवा झाला तर सापाला श्वसनाचा विकार होतो, म्हणून रात्री दोनदा उठून तापमापक पाहणेही आले.

तिसऱ्या रात्री तापमापक सव्वीस दाखवू लागला. एसी बिघडला या समजुतीने मी दिवा लावला, तर चटईवर आई, तिच्या शेजारी मुलगी आणि दाराजवळ पत्नी अशी तिघे गाढ झोपलेली. माणसांच्या अंगच्या उष्णतेने खोली तापते, हे मी शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत समजावले. "मग सापांना हॉलमध्ये ने," पत्नी डोळे न उघडता म्हणाली.

डिसेंबरात अबोली १,५४० झाली. शंभूने अन्न सोडले होते. नर या काळात तसे करतात. तरीही "लग्नाच्या विचाराने जेवण जात नसेल," असे म्हणून आई त्याच्याकडे प्रथमच मायेने पाहू लागली. एका संध्याकाळी मी त्याला अबोलीच्या पेटीत सोडले. त्याने एक फेरी मारली, जीभ दोनदा बाहेर काढली आणि पाण्याच्या भांड्यामागे जाऊन चेंडू झाला. आम्ही चौघे चटईवर बसून तासभर त्या चेंडूकडे पाहत राहिलो.

"एवढी माणसं समोर बसल्यावर तो बिचारा काय करणार?" अखेर आई म्हणाली. "आपण बाहेर गेलं पाहिजे."

सर्वांना ते पटले. मुलीने अंगावर चादर ओढून घेतली, पत्नीने उशी सरळ केली, आणि कोणीही उठले नाही.