पोरगा कंपनीत नाही, एजन्सीत आहे

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर-हिंगणघाट पट्ट्यात कोणत्याही माउलीला विचारा, पोरगा कुठं लागला म्हणून. ती अभिमानानं सांगेल, "बुटीबोरीले कंपनीत आहे नं." बुटीबोरी म्हणजे नागपूरजवळची एमआयडीसी. लग्नाच्या बायोडाट्यातही तेच छापतात. पण त्या कंपनीच्या हजेरीपटावर पोराचं नाव नसतं. त्याची हजेरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या वहीत असते, एजन्सीचं ऑफिस नागपुरात कुठल्याशा बिल्डिंगच्या दुसऱ्या माळ्यावर असतं आणि तिच्या मालकाचं तोंड पोरानं कधी पाहिलेलं नसतं. मशीन कंपनीची, माल कंपनीचा, हुकूम कंपनीच्या सुपरवायझरचा. पगार थकला, बोट कापलं, काम बंद झालं की मात्र कंपनी म्हणते, हा आमचा माणूस नाही, एजन्सीला विचारा. एजन्सी म्हणते, कंपनीनं बिल काढलं नाही, आम्ही कुठून द्यायचे?

मी काही वर्षं असाच रोजीनं जात होतो. आता गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. संध्याकाळी मोबाईल घेऊन जे येतात त्यातले निम्मे तरी पीएफचंच विचारायला येतात, त्यामुळे यातलं काही ऐकीव नाही. माझं म्हणणं एकच आहे. ज्याच्या गेटच्या आत काम होतं, त्यानं त्या माणसाची जबाबदारी घ्यावी. एजन्सी माणसं पुरवते, तिनं तिचं कमिशन घ्यावं, माझी हरकत नाही. पण कमिशन दिलं म्हणून कंपनीची जबाबदारी संपत नाही, आणि कायदाही तेच सांगतो.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना दिवस कसा उगवतो ते माहीत नसतं. रात्री नऊ-साडेनऊला व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो: उद्या १५ पोरं, ५ लेडीज, आधार झेरॉक्स सोबत. पहाटे जाम चौरस्त्यावर गाडी. गेटसमोर लाइन लागते, एजन्सीचा माणूस पुढून मोजत येतो आणि जिथं आकडा भरला तिथं हात आडवा करतो. मागच्यांनी परत जायचं. माणसं कमी पडली तर कंपनी एजन्सीचे पैसे कापते, म्हणून एजन्सी नेहमी जास्तीचीच बोलावते. परत पाठवलेल्याची त्या दिवसाची रोजी बुडते, गाडीभाडं अंगावर पडतं, आणि तो गावात पोचेपर्यंत वावरातली माणसं केव्हाच कामाला लागलेली असतात. त्याला त्या दिवशी कुठंच काम नसतं.

ज्याला आत घेतलं त्याच्या पहिल्या पगारातून बुटाचे कापतात, ड्रेसचे कापतात, गेटपासचेही कापतात. रोजीचा जो आकडा तोंडी सांगितलेला असतो तो आठ तासांचा समजून पोरगं जातं. आत गेल्यावर कळतं की तो बारा तासांचा आहे. आठ तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दरानं ओव्हरटाइम द्यावा लागतो, हे गेटच्या आत कोणी बोलत नाही. त्याच लाइनवर तेच खोके भरणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा कमी रोजी. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ सालचा होता, नव्या वेतन संहितेतही तो नियम आहे. तरी आमच्या मावश्यांना अजून सांगतात की लेडीजचा रेट वेगळा.

पगाराच्या दिवशीचं एक चित्र मी अनेकदा पाहिलं. एटीएमच्या पायरीवर ठेकेदाराचा माणूस उभा असतो. पोरं एकेक करून आत जातात, नोटा मोजत बाहेर येतात आणि ठरलेली रक्कम त्याच्या हातावर ठेवतात. कागदावर किमान वेतन पूर्ण, बँकेचा पुरावा पक्का, आणि पोराच्या खिशात हजार-दोन हजार कमी. कोणी जोरजबरदस्ती करत नाही. नाही दिले तर रात्री त्याला ग्रुपमधून काढतात, एवढंच. ग्रुपमधून काढलं की काम गेलं. नोटीस नाही, कागद नाही. कोणाकडं दाद मागायची तेही कळत नाही, कारण नेमणुकीचं पत्रच कधी दिलेलं नसतं.

वावरातली मजुरी काही सुखाची नाही. कापूस वेचणीला किलोवर पैसे मिळतात, ऊन-वारा सोसावा लागतो, कोरडवाहू पट्ट्यात माघ-फाल्गुन लागला की हाताला कामच उरत नाही, आणि एजन्सीची गाडी भरते ती त्यामुळेच. पण वावरात पैसे देणारा माणूस समोर असतो. चुकारा राहिला तर बाजाराच्या दिवशी त्याच्या अंगणात जाऊन बसता येतं, चार लोकांत विचारता येतं. एजन्सीच्या कामात विचारायला माणूसच सापडत नाही, आणि मला वाटतं ही व्यवस्था मुद्दामच तशी केलेली आहे.

आता पीएफ. यावर जरा सविस्तर बोलतो, कारण माझ्या दुकानात रोज हेच रडगाणं येतं. नियम असा की कामगाराच्या पगारातून १२ टक्के आणि मालकाच्या खिशातून १२ टक्के. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला मनाई आहे. एजन्सीच्या पावतीवर मात्र, जर पावती मिळालीच तर, बेरीज करून पाहा: दोन्ही हिस्से पोराच्याच रोजीतून गेलेले दिसतात. आणि कापलेले तरी भरले का? पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ते खात्यात जायला पाहिजेत. मी पासबुक उघडतो तेव्हा कोणाचे चार महिने भरलेले, मधले सहा कोरे, पुन्हा दोन भरलेले.

मागच्या हिवाळ्यात पन्नाशी ओलांडलेले एक काकाजी आले होते. नऊ वर्षं एकाच गेटमध्ये, एकाच गोदामात हमाली-पॅकिंग. त्या काळात चार एजन्सी झाल्या. ठेका संपला की कंपनी नवी एजन्सी आणते, माणसं तीच राहतात, फक्त ड्रेसवरचं नाव बदलतं. प्रत्येक एजन्सीनं जुना नंबर विचारायच्या भानगडीत न पडता नवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काढलेला. एका ठिकाणी आधारवरचं पूर्ण नाव, दुसरीकडं नुसतं "राव" गाळलेलं, तिसरीकडं बापाचं नाव चुकीचं. दोन जुन्या एजन्सींनी काम सोडल्याची तारीखच टाकलेली नव्हती, म्हणून क्लेम परत आलेला. काकाजींनी मला विचारलं, "मंग माह्ये नऊ वर्सं गेले कुठं?" पीएफच्या पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते. ती दहा वर्षं सगळी खाती जोडल्याशिवाय मोजली जात नाहीत. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, पाच वर्षं सलग लागतात, आणि एजन्सी बदलली की गिनती पुन्हा एकपासून सुरू. एकाच गेटमध्ये नऊ वर्षं घाम गाळलेला माणूस कागदावर दर दोन वर्षांनी नवा होतो. रोजी कमी असणं मी एक वेळ समजू शकतो. माणसाची वर्षंच पुसून टाकायची, हे मला सहन होत नाही.

आणि हे कुठं होतं आहे? ज्या नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली, तिथं. त्या मिलमध्ये कामगारांसाठी १८८६ साली पेन्शन फंड निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. तेव्हा देशात तसा कायदाही नव्हता. आमच्या हिंगणघाटचा कापूस पिढ्यान्‌पिढ्या नागपुरी गिरण्यांच्या ओळखीचा. त्या काळचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही, गिरणीतले हाल आजोबांच्या पिढीनं भोगले आहेत. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या गोष्टी इथल्या मालकाला परवडल्या, त्या आज कॉम्प्युटर, आधार आणि ऑनलाइन चलान असताना परवडत नाहीत, हे पटत नाही.

अपघाताचं तर बोलायलाच नको असं होतं, पण बोलतो. माझ्यासोबतच्या एका पोराची दोन बोटं पत्रा कापायच्या मशीनमध्ये गेली. रुमाल गुंडाळून त्याला कंपनीच्याच गाडीत एका खाजगी दवाखान्यात नेलं आणि रस्त्यात समजावलं, डॉक्टरला सांग मोटरसायकलच्या चेनमध्ये हात गेला. दवाखान्याचं बिल दिलं आणि तेवढ्यावर मिटवलं. कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, त्याची नोंदणी असती तर कामावर झालेल्या दुखापतीला पहिल्या दिवसापासून हक्क होता. बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के भत्ता आणि कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यासाठी ही योजना आहे. कामगाराचा हिस्सा अवघा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. त्या पाऊण टक्क्याची माहिती नसल्यामुळं आणि त्या सव्वातीन टक्क्यांची बचत करायची असल्यामुळं आज तो पोरगा डाव्या हातानं शेंगा तोडतो.

कायद्याचं सांगतो. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० सालचा. तो लागू व्हायला २० माणसांची अट होती, महाराष्ट्रानं ती ५० केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांमध्ये ती देशभर ५० झाली. म्हणजे पन्नासच्या आत माणसं दाखवली की एजन्सीला परवान्याची कटकट नाही. एकाच शेडमध्ये तीन-तीन एजन्सी का असतात, याचं उत्तर मला तरी यातच दिसतं. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं स्टील अथॉरिटी या सरकारी कंपनीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी पद्धत बंद केली तरी ते कामगार आपोआप कायम होत नाहीत. त्यामुळं "पाच वर्षं केलं की परमनंट होशील" असं कोणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

पण काही गोष्टी आपल्या बाजूच्याही आहेत. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी कंपनीची. जुन्या कायद्यात हे होतं, नव्या वेतन संहितेतही आहे. पीएफचं तसंच: एजन्सीनं भरला नाही तर मूळ मालकानं भरायचा आणि मग एजन्सीकडून वसूल करत बसायचं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. कामावरून काढलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब. नेमणूकपत्र आता प्रत्येकाला द्यायचं आहे. म्हणून अर्ज करायचा तर तो एजन्सीसोबत कंपनीच्या नावानंही करा आणि कामगार आयुक्त कार्यालयात त्याची पोच घ्या.

काही लोक मला म्हणतात, "भाऊ, एजन्सी बंद झाली तं पोराइनं कुठं जावं?" प्रश्न खरा आहे. मी एजन्सी बंद करा म्हणत नाही. लहान कारखानदाराची ऑर्डर कमी-जास्त होते, त्याला बाराही महिने सारखी माणसं पुरत नाहीत, हेही मला दिसतं. पण त्यासाठी ठराविक मुदतीची थेट नेमणूक करायची सोय नव्या संहितेत दिली आहे. सहा महिन्यांची गरज असेल तर सहा महिन्यांचं पत्र द्या, कायम कामगाराला मिळतं ते सगळं तेवढ्या काळापुरतं द्या. त्यात एक वर्ष भरलं तरी ग्रॅच्युइटी मिळते. कंपनीला माणसं कमी-जास्त करता येतात आणि माणसाची वर्षंही बुडत नाहीत. मग ही वाट सोडून मध्ये एजन्सी उभी करायचा अट्टहास कशासाठी? मला एकच कारण दिसतं, आणि ते वर लिहून झालं आहे: विचारायला माणूसच सापडू नये.

अजून एक. "लोकल पोरं नको, युनियन करतात, सणावारी नागा करतात," हे वाक्य मी गेटवर स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. जूनमध्ये पेरणी आली की आमची पोरं खाडा करतात, खरं आहे. घरच्या तीन एकराची पेरणी सोडून कोण खोके भरत बसेल? बिहार-ओडिशातून आलेल्या पोरांवर माझा राग नाही. तीही आपल्यासारखीच, त्यांना तर परत जायला घरही जवळ नाही आणि त्यांचा पगार आपल्यापेक्षा सहज बुडवता येतो. ज्यांच्या बाप-आज्यांची वावरं एमआयडीसीत गेली, त्यांच्या नातवांना गेटवरून परत पाठवतात, याचं दुःख मात्र आहेच.

ग्रामपंचायतीकडून मला एक साधं काम हवं आहे. गावातून माणसं नेणाऱ्या प्रत्येक एजन्सीचं नाव, पत्ता, परवाना असेल तर त्याचा नंबर आणि ती कोणत्या कंपनीला माणसं देते, एवढी नोंद एका रजिस्टरमध्ये ठेवावी. उद्या कोणाचं काही बरंवाईट झालं तर पोलीस पाटलाला निदान कळेल तरी की पोरगं कोणाच्या गाडीत गेलं होतं. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे, ज्यांच्या घरचं कोणी जातं त्यांनी त्या दिवशी नक्की यावं.

तोवर एवढं करा. हजेरीच्या वहीचा फोटो रोज काढून ठेवा. ग्रुपवरचे मेसेज पुसू नका. नवी एजन्सी आली की जुना यूएएन स्वतःहून द्या, नवा काढू देऊ नका. पीएफमध्ये नोंदवलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ वर मिस कॉल दिला की शेवटचा भरणा किती आणि कधीचा ते मेसेजनं येतं, पैसे लागत नाहीत. जुन्या एजन्सीनं काम सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला पोर्टलवर टाकता येते. ज्यांना जमत नाही त्यांनी रविवारी दुकानात या. आधार, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल सोबत आणा, ओटीपी त्यावरच येतो. या कामाचे मी पैसे घेत नाही. काकाजींची चारपैकी तीन खाती जोडून झाली आहेत, चौथ्याच्या नावाची दुरुस्ती अडली आहे, त्यासाठी सोमवारी नागपूरला पीएफ ऑफिसात जातो आहे. आणखी कोणाचे कागद असतील तर शनिवारपर्यंत आणून द्या.