काम काय होतच राहील, परफॉर्मन्स बघा

आधी एक खूळ डोक्यातून काढून टाका, ते म्हणजे काम नीट केलं की परफॉर्मन्स आपोआप चांगला होतो. आपल्या मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द होते, कामगिरी आणि प्रयोग. कामगिरी फत्ते व्हायची, प्रयोग रंगायचा, दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. मग परफॉर्मन्स आला आणि दोन्ही एकाच पिशवीत कोंबले. आता नट परफॉर्मन्स देतो, इंजिन देतं, शेअर देतो, मोबाईल देतो आणि सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये तुम्हीही देता, आणि यातलं काम कुठलं आणि नाटक कुठलं ते बघणाऱ्याला कळत नाही. हीच तर सोय आहे, वापरा की ती.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधल्या एका क्रियापदावरून आलाय, त्याचा अर्थ एखादी गोष्ट पूर्ण तडीस नेणं. त्यात 'फॉर्म' नव्हताच, तो नंतर सारख्या वाटणाऱ्या शब्दाच्या संगतीने आत घुसला. तडीस नेणं कधीच गळून पडलं, फॉर्म तेवढा उरला आणि तो दरवर्षी भरावा लागतो.

तर फॉर्म, ऑफिसातल्या वार्षिक मूल्यमापनाचा. रात्री पावणेबारा, बारा वाजता पोर्टल बंद, समोर रकाना: 'आपल्या तीन प्रमुख अचीव्हमेंट्स'. मागे मी एकदा इथे खरं लिहायचा गाढवपणा केला होता. एक सिस्टीम पडणार असं दिसत होतं, वीस मिनिटात दुरुस्त केली, ती पडलीच नाही, त्यामुळे कुणाला काही कळलंही नाही. पाचपैकी तीन मिळाले. शेजारच्या टीममधल्या एका पठ्ठ्याने स्वतःच्याच चुकीने दुसरी पाडली, मग रात्रभर जागून, दर अर्ध्या तासाला सगळ्यांना मेल टाकत ती उभी केली. त्याला पाच आणि वर कौतुकाचा मेल. तेव्हा आग लागायच्या आधी विझवू नका, प्रेक्षक जमू द्या, धूर चांगला दिसू द्या.

लिहिताना व्याकरण सांभाळा, शाळेत ते उगीच नाही शिकवलं. 'मी फाईल पाठवली' हा कर्मणी प्रयोग, क्रियापद फाईलच्या मागे जातं, तुम्ही नुसते बाजूला उभे. म्हणून 'मी पुढाकार घेतो', 'मी टीम घडवतो' असं कर्तरीत लिहा, म्हणजे निदान क्रियापद तरी तुमच्या मागे येईल. आणि काही बिघडलं की लगेच 'चूक झाली'. हाही कर्तरीच, पण इथे कर्ता खुद्द चूक आहे, ती आपली आपणच झाली, बिचारी. उशीरही तसाच आपला आपण होतो.

ऑस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत दाखवून दिलं होतं की काही वाक्यं बोलणं हेच काम असतं, 'मी माफी मागतो' म्हटलं की माफी मागून झाली, 'वचन देतो' म्हटलं की देऊन झालं. अशा वाक्यांना तो परफॉर्मेटिव्ह म्हणायचा. आपण त्याच्या चार पावलं पुढे आहोत, 'बघून घेतो', 'लूपमध्ये ठेवतो', 'त्यावर कामच चालू आहे' एवढं म्हटलं की झालं काम. परफॉर्मेटिव्ह वाक्यं नटाने स्टेजवर म्हटली तर ती पोकळ ठरतात असंही त्याने सांगितलं होतं, पण ते जाऊ दे.

आकड्यांना घाबरू नका, आकडे पाळता येतात. १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने पैशाच्या धोरणाबद्दल बोलताना एक तक्रार केली होती, तिचा सगळीकडे फिरणारा अर्थ असा की एखाद्या मापालाच टार्गेट केलं की ते चांगलं माप राहत नाही. लोक ही धोक्याची सूचना समजतात, तुम्ही मॅन्युअल समजा. बंद केलेल्या तिकिटांवर, म्हणजे सिस्टीममध्ये नोंदवलेल्या तक्रारींवर, रेटिंग असेल तर एका तक्रारीची सहा तिकिटं करा आणि सहाही बंद करा, सातवं आलंच तर ते नवीन काम.

पटत नसेल तर कॉम्प्युटरकडून शिका, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स नावाचं अख्खं पान असतं, तिथे कधीकधी शंभर टक्क्यांवर रेघ चिकटलेली, पंखा बोंबलतोय, डबा तापलेला, आणि आत एखादा प्रोग्रॅम त्याच त्या लूपमध्ये गोल गोल फिरतोय, त्यातून निष्पन्न शून्य. पण चेहऱ्यावर बघा कसलं डेडिकेशन! एखाद्या फोनला तर परफॉर्मन्स मोडच असतो, लावला की आधी तो तापतो आणि मग बॅटरी उतरते, माणसात काही वेगळं नाही.

हे सगळं मी ऑफिसातच टाईप करतोय, मागच्या विंडोत मोठं एक्सेल उघडं, कपाळावर दोन आठ्या, मधूनच एक सुस्कारा. साहेब आत्ता दुसऱ्यांदा मागून गेले, "फार लोड आहे का रे?" म्हणाले.

मी नुसती मान हलवली. कर्मणी प्रयोग, नीट बघा.