नुकसान नीट जपून ठेवा

वादळ ओसरल्यावर माणसं एकच घोळ घालतात. लगेच आवरायला घेतात. अंगणात माड आडवा, पडवीवर आंब्याची फांदी, की निघाले कोयती घेऊन! जरा दमानं घ्या. पंचनामा व्हायचाय अजून. पडलेलं झाड पडलेलंच दिसलं पाहिजे आणि उडालेली कौलं उडालेलीच. घाईघाईनं ताडपत्री ओढलीत, तर पाहणीला आलेल्या साहेबांना वाटायचं की यांचं बरं चाललंय. जूनचा पाऊस थेट चुलीत पडत असेल तर पडू दे, तेही लिहून घेतील. बहुतेक.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ कोकणात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ताशी ११०-१२० किलोमीटरनं घुसलं, तेव्हा लोकांना एवढी समज नव्हती. गावागावांतल्या पोरांनी करवती घेऊन रस्ते मोकळे केले. मग त्याच रस्त्यांवरून पाहणीच्या गाड्या सुरळीत आल्या आणि सुरळीत गेल्या. गाडीच्या काचेतून रस्ता मोकळाच दिसतो, माड-पोफळीची वाडी दिसत नाही.

वाडीवरून आठवलं, हिशेब शिकून घ्या. फळबागेला सरकारी मदतीचे आधी हेक्टरी १८,००० होते, ते वाढवून ५०,००० केले. आकडा कसा भरघोस! फक्त आपल्याकडं वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते, हे कुणाला सांगत बसू नका. गुंठ्याला पडले पाचेकशे रुपये. अंतर राखून लावल्या तरी गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी (सुपारीची झाडं) बसतात, म्हणजे पोफळीमागं चाळीसही नाहीत. करवतवाला ती नुसती बाजूला करायचे याहून जास्त घेतो. पुढं बरीच ओरड झाल्यावर झाडागणिक मदत ठरली: पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. पण तोवर झाडं तोडून चुलीत घातलेली. तेव्हा बुंधे तरी राखा, मोजायला लागतात.

आता सातबारा. हा पंचनाम्याचा खरा गाभा. त्यावर पणजोबा अजून हयात असतात, बडोद्याला दिलेली आत्या असते, आणि मुंबईचे काका तर असतातच. वाडी शिंपायला तुम्ही एकटे, पण मदत घ्यायला अठरा जण. सगळ्यांची संमती आणायची. टॉवर आडवा झालाय, रेंज देवळामागच्या टेकाडावर येते. तिथं छत्री धरून उभे राहा आणि फोन लावा.

"काका, पोफळी सगळ्या गेल्या. संमतीपत्रावर सही हवी."

"अरे अरे, वाईट झालं. आपला तो कोपऱ्यातला हापूस?"

"तोही गेला."

"सही देतो रे. पण किती येणार, ते आधी सांग."

टेकाडावरून घरी येईपर्यंत रकमेची वाटणी डोक्यात करून टाका. माणशी जेवढं येतं, तेवढ्यात मुंबईहून सही करायला यायचं एसटीचं तिकीटही सुटत नाही. शिवाय तेव्हा टाळेबंदी, ई-पास वेगळा.

वीज? तिची वाट पाहू नका, सवय करून घ्या. खांब येतात तेव्हा तारा नसतात, तारा येतात तेव्हा माणसं दुसऱ्या गावाला असतात. विहीर काठोकाठ भरलेली आणि पंप मुका. रहाट मोडीत काढला तेव्हा आजी काय म्हणाली होती, ते आता आठवायचं नाही. मोबाइल चार्ज करायचा असेल तर जनरेटरवाल्याकडं रांग आहेच, तिथं सगळ्या तालुक्याची बातमी फुकट मिळते.

मदत घेताना मात्र फोटोत नीट उभे राहा. मेणबत्तीचं पाकीट छातीशी धरायचं, बॅनर झाकायचा नाही, आणि चेहरा असा ठेवायचा की दुःख दिसेल पण उपकारही दिसतील. गाठोड्यात लोकरी स्वेटर निघाला तर हसू नका. कोकणात थंडी पडायची शक्यता देणाऱ्यानं धरली, एवढं मन कुणाचं असतं?

नवी पोफळ लावलीत तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. तोवर वादळ थांबत नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते अख्ख्या किनाऱ्याला घासत गुजरातेत गेलं. म्हणून फायली वेगवेगळ्या करा. तौक्तेचा माड निसर्गच्या फायलीत गेला, तर दोन्ही अर्ज बाद. आणि एकच माड दोन्ही वादळांत पडला म्हणून लिहायचा मोह झालाच, तर मधल्या काळात तो उभा होता असा दाखला जोडायला विसरू नका. तलाठ्याच्या सहीचा, तीन प्रतींत.