प्रतिक्रियेला उत्तर : १८८९ आणि ‘ओढूनताणून’ जोडलेला संबंध

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. कॉम्प्युटरच्या इतिहासावर लिहिताना मी १८८९ सालच्या दोन गोष्टी शेजारी मांडल्या होत्या : हर्मन हॉलेरिथ या अमेरिकन संशोधकाचं भोकांच्या कार्डांवर चालणारं मोजणीयंत्र आणि निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीची सुरुवात. तुमचे आक्षेप दोन : भोकांची कार्डं जॅकार्डच्या मागावर (कापडावर नक्षी विणणाऱ्या यंत्रावर) १८८९ च्या कितीतरी आधीपासून होती, आणि निन्टेंडो तेव्हा पत्ते बनवत होती, तिला कॉम्प्युटरच्या इतिहासात ओढायचं कशाला?

जॅकार्डच्या कार्डावर हुकूम असतो : अमुक धागा उचल. हर्मन हॉलेरिथच्या कार्डावर एका माणसाची नोंद असते : वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय. फरक इथेच आहे. हॉलेरिथला ही कार्डं वाचून मोजणाऱ्या यंत्रांचं पेटंट ८ जानेवारी १८८९ ला मिळालं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या जनगणनेत ती यंत्रं लागली. कार्ड साच्यात ठेवून दांडा खाली ओढायचा. भोक असेल तिथली स्प्रिंगवरची सुई आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्यात बुडते, सर्किट पूर्ण होतं, आणि विद्युतचुंबक तबकडीवरचा काटा एक घर पुढे ढकलतो. तबकडी ९,९९९ पर्यंत मोजते. त्याच वेळी शेजारच्या पेटीत योग्य खणाचं झाकण उघडतं. कार्ड मात्र हातानेच टाकायचं! कार्ड नीट बसलं नाही किंवा आवश्यक भोक राहून गेलं, तर घंटी वाजत नाही. ते कार्ड बाजूला काढून तपासायचं.

खरी मेख रिलेंमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांमध्ये आहे. ‘पुरुष’ आणि ‘परदेशात जन्म’ ही दोन्ही भोकं असतील तरच अमुक काटा हलावा, अशी जोडणी त्यात करता येई. नोंदींवर ‘आणि’ची अट तपासून मोजणी करणं मागाच्या कामातच नव्हतं.

आता निन्टेंडो. २३ सप्टेंबर १८८९, क्योटो, फुसाजिरो यामाउचींचं हानाफुदाचं (जपानी पत्त्यांचं) दुकान : १२ महिन्यांची प्रत्येकी ४, म्हणजे ४८ पानं. तेव्हा तिचा यंत्रगणनेशी काडीचा संबंध नव्हता आणि साल एकच असणं हा निव्वळ योगायोग, हे कबूलच. पण पुढचं तपासा. हॉलेरिथने १८९६ मध्ये काढलेली कंपनी १९११ च्या विलीनीकरणात गेली आणि त्या एकत्रित कंपनीचं १९२४ मध्ये आयबीएम झालं. निन्टेंडोच्या २००१ च्या गेमक्यूब या गेम खेळायच्या यंत्रामध्ये ४८५ मेगाहर्ट्झचा ‘गेको’ प्रोसेसर होता, तो आयबीएमचा. त्यानंतरच्या ‘वी’ आणि ‘वी यू’ या यंत्रांमध्येही आयबीएमचाच. २०१७ च्या ‘स्विच’ या यंत्रात एनव्हिडिया या दुसऱ्या कंपनीची चिप आली आणि ही सोबत संपली.