‘नायक सर्वांत मागे चालतो’ : एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

बर्फातून एका रांगेत चालणाऱ्या २५ लांडग्यांचे छायाचित्र आणि त्याखालचा नेतृत्वावरील मजकूर गेली अनेक वर्षे समाजमाध्यमांवर फिरतो आहे. त्याचा आशय असा : रांगेतले पहिले तीन लांडगे म्हातारे किंवा आजारी असतात, तेच चालीचा वेग ठरवतात आणि हल्ला झाल्यास बळीही तेच जातात, त्यांच्यामागे पाच बलवान, मग उरलेला कळप, पुन्हा पाच बलवान आणि सर्वांत शेवटी, एकटा, सर्वांवर नजर ठेवणारा ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या. छायाचित्र खरे आहे; मजकूर मात्र जवळपास वाक्यागणिक चुकीचा आहे. तो तपासताना अमेरिकी वन्यजीवशास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या कामापाशी यावेच लागते, कारण ‘अल्फा’ ही कल्पना सर्वदूर पोहोचवण्यात आणि पुढे ती खोडून काढण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आधी रांगेविषयी. हे छायाचित्र चॅडन हंटर यांनी बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ मालिकेच्या निमित्ताने कॅनडातील वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात टिपले. कळप बायसनच्या (गव्यासारख्या मोठ्या रानटी जनावराच्या) शिकारीवर होता. छायाचित्राच्या मूळ ओळींत स्पष्ट म्हटले होते की कळपाची प्रमुख मादी सर्वांत पुढे आहे आणि शक्ती वाचवण्यासाठी लांडगे एकामागोमाग चालत आहेत. खोल बर्फात सर्वाधिक कष्ट पडतात ते वाट पाडणाऱ्या पहिल्या जनावराला. मागच्यांना तुडवलेली वाट आयती मिळते. म्हणजे आजाऱ्याला वाचवायचे असेल तर त्याला पुढे घालणे ही सर्वांत वाईट युक्ती ठरेल. (इतक्या दुरून घेतलेल्या चित्रात कोण म्हातारा आणि कोण आजारी, हे मजकूर लिहिणाऱ्याने कसे ओळखले, हे त्यालाच ठाऊक.)

बळी देण्याच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. लांडग्यांच्या जिवावर उठणारे मुख्यतः दोनच : माणूस आणि शेजारचा लांडग्यांचा कळप. या दोघांसाठी दुबळ्यांची आघाडी उभारण्याची शिस्त कोणत्याही अभ्यासात आढळलेली नाही.

नायक मागे राहतो, हा दावा थेट निरीक्षणांनी तपासला गेला आहे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील कळपांच्या हिवाळी निरीक्षणांवर आधारित, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात (मेक त्याचे सहलेखक होते) असे दिसले की प्रवासात बहुतेक वेळा आघाडीला प्रजनन करणारी नर-मादी जोडीच असते. तरुण लांडगेही अधूनमधून पुढे होतात. पण कायम शेपटाला राहून सूत्रे हलवणारा सेनापती तेथे नाही.

आता मूळ कल्पनेकडे. कळपात सतत वर्चस्वाची लढाई चालते आणि जिंकणारा ‘अल्फा’ होतो, हे चित्र प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रूडोल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडले. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. जंगलात वयात आलेली पिल्ले कळप सोडून निघून जातात. कुंपणात ती सोय नसते. मेक यांनी १९५८ पासून अमेरिकेतील आयल रॉयल बेटावर पीएच.डी.साठी लांडगे अभ्यासले, आणि १९७० च्या आपल्या पुस्तकात शेंकेल यांचे निष्कर्ष तत्कालीन ज्ञान म्हणून नोंदवले. ते पुस्तक पुढे अर्धशतकभर वाचले गेले.

मात्र मेक तेथे थांबले नाहीत. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा पट्टा) लावलेल्या लांडग्यांचा दीर्घकालीन मागोवा त्यांनी १९६८ पासून घेतला. १९८६ पासून कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समिअर बेटावर, जेथे लांडगे माणसाला बुजत नव्हते, ते उन्हाळ्यामागून उन्हाळे एका कळपाजवळ राहिले. तेथे त्यांना दिसले ते आईवडील आणि त्यांची लहानमोठी पिल्ले. १९९९ च्या निबंधात त्यांनी लिहिले की १३ उन्हाळ्यांत वर्चस्वासाठीची एकही झुंज आपण पाहिली नाही, आणि अशा कळपातल्या आईबापांना ‘अल्फा’ म्हणण्याने काहीच कळत नाही. जुने पुस्तक छापणे थांबवावे म्हणून त्यांनी प्रकाशकाकडे पाठपुरावा केला. छपाई अखेर २०२२ मध्ये थांबली. आपल्याच गाजलेल्या पुस्तकाविरुद्ध इतकी चिकाटी दाखवणारे संशोधक विरळाच.

या संदेशाला उत्तर म्हणून फिरणारा दुसरा संदेशही तेवढाच घाईचा आहे : ‘ज्याने अल्फाचा शोध लावला त्यानेच तो खोटा ठरवला, लांडग्यांत वर्चस्व नसतेच.’ शोध मेक यांचा नव्हता, हे वर आलेच. शिवाय वर्चस्व नसते असे त्यांनी कधीही म्हटलेले नाही. पिल्ले आईबापांपुढे नमतात, आणि लहान शिकार खाताना कोणी आधी खायचे यातही ते दिसते. यलोस्टोनमधल्यासारख्या, एकाहून अधिक माद्या वितात अशा मोठ्या कळपांत ‘अल्फा’ हा शब्द अजूनही उपयोगी पडू शकेल, अशी सवलत त्यांनी स्वतःच ठेवली आहे. सोलापूर-अहिल्यानगरच्या माळरानांवरील लांडगे मात्र बहुधा जोडीने किंवा छोट्या कुटुंबाने वावरतात. त्यांच्याबाबत तर त्याची गरजच पडू नये.