आधी डिप्रेशन, मग जेवण? हा क्रम कुणी ठरवला?

सोलापुरातल्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. खाण्याचे विकार हे मुंबई-पुण्याच्या श्रीमंत पोरींचं फॅड आहे, वजन बरं असेल तर काळजीचं कारण नाही, आणि खरा आजार डिप्रेशनचा असतो. त्याची गोळी सुरू करा, मन सुधारलं की जेवण आपोआप रुळावर येतं, असं त्यात म्हटलंय. मी दातांची डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. पण यातले काही पेशंट आधी माझ्याच खुर्चीत येऊन बसतात, म्हणून लिहिते.

फॅडचं आधी उरकते. अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं खाणंच तोडण्याचा आजार, हा मानसिक आजारांमधल्या सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. माणसं हृदय बंद पडून जातात, आत्महत्येनंही जातात. मुलग्यांनाही तो होतो. आपल्याकडे तर त्याला लपायला जागाच जागा: सोमवार, गुरुवार, संकष्टी, रूपाभवानीचं नवरात्र. "लई उपास करती हो पोरगी," असं आई कौतुकानं सांगते. उपास करणारी प्रत्येक मुलगी आजारी नसते, हे उघडच आहे. पण उपास सोडायच्या दिवशीही जी ताटावर बसायला घाबरते, तिच्याकडे नीट बघा.

वजनाच्या मुद्द्यावर मात्र मी अधिकारानं बोलेन. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग मुद्दाम उलटी काढण्याच्या आजारात, वजन बहुतेकदा चारचौघांसारखंच असतं. वरच्या पुढच्या दातांमागे आरसा धरला की टाळूकडची बाजू झिजून गुळगुळीत झालेली दिसते. पोटातल्या आम्लाचं काम. कानाखालच्या लाळग्रंथी सुजून गाल भरतात आणि नातेवाईक म्हणतात, तब्येत सुधारली! विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पित्त होतं, मॅडम." उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरा, एवढं मी सांगू शकते. रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडत असतील, तर ते माझ्या आरशात दिसत नाही.

आता 'आधी डिप्रेशन'. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या संशोधकानं 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. निवडतानाच त्यांचं मन निरोगी असल्याची खात्री केली होती. तरीही बरेच जण उदास, चिडचिडे, एकलकोंडे झाले. डोक्यात सतत अन्नच. म्हणजे उपासमारच डिप्रेशनसारखं चित्र उभं करते. शरीर फार खंगलेलं असताना डिप्रेशनच्या गोळ्या नीट लागूही पडत नाहीत. उलट्या बाजूनंही तेच. चिंतेचा आजार किंवा ओसीडी (तेच ते विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार) अनेकदा खाण्याच्या विकाराआधीपासून असतो. तो तसाच ठेवून नुसतं "जेव गं" म्हणत वजन वाढवलं, तर अर्धंच काम होतं.

औषधांचं तर विचारूच नका. बुप्रोपियॉन ही डिप्रेशनचीच गोळी, पण बुलिमिया किंवा अ‍ॅनोरेक्सिया असणाऱ्याला ती देत नाहीत, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. मूडच्या टोकाच्या चढउतारांवरचं लिथियम चालू असताना उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं, तर तेच औषध विषासारखं चढू शकतं. फ्लुओक्सेटिन ही गोळी मात्र डिप्रेशन आणि बुलिमिया दोन्हीकडे चालते; बुलिमियासाठी तिला अमेरिकेत मान्यता आहे, फक्त बुलिमियात डोस सहसा जास्त लागतो. डॉक्टरांना उलट्यांचं सांगितलंच नाही, तर त्यांनी हे ठरवायचं कसं?

क्रम लागतो तो एकाच ठिकाणी, जिवाला धोका असेल तेव्हा: आधी शरीर सावरायचं. तिथेही घाई नको. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या पोरीला आजीनं मायेनं एकदम तूप-भाकरी भरवली, तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जीव जाऊ शकतो. असं खाणं दवाखान्यात, तपासण्या करत, हळूहळू वाढवतात.

सोलापुरात सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या, आणि उलट्या, उपास, पाळी चुकणं, चक्कर, मरणाचे विचार, जे असेल ते एकाच डॉक्टरला एकाच वेळी सांगा.